चित्र पोचेपर्यंत

मे महिना लागला की माझ्या नवऱ्याच्या नावाने एक मेल येतो. 'विवेक, नवा मोसम सुरू होतोय,' असं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली एका हिरव्या मैदानाचं चित्र असतं. विवेकला जाऊन चार वर्षं झाली, हे मेल पाठवणाऱ्यांना कोणी कळवलेलं नाही. मीही कळवलेलं नाही. सामने बघायचा त्याचा इंटरनेटवरचा पास दरवर्षी आपोआप नवा होतो, आणि पहिल्या सामन्याच्या रविवारी लॅपटॉप उघडला की पडदा विवेकचं स्वागत करतो. मी तिथे दुसऱ्याच्या दारातून आत आल्यासारखी बसलेली असते.

सिंगापुरात ऋतू नाहीत. बारा महिने सातच्या सुमारास उजाडतं आणि सातच्या सुमारास अंधारतं. पाऊस कुठल्याही दुपारी येतो, आपलं काम करतो आणि जातो. नवीन आलेल्यांना पहिल्या वर्षी याचं कौतुक वाटतं. तीन-चार वर्षांनी लक्षात येतं की अमुक गोष्ट नेमकी कधी झाली ते आपल्याला सांगता येत नाहीये. ती थंडीत झाली होती का, आंब्याच्या दिवसांत झाली होती का, असं स्वतःला विचारायची सोय राहिलेली नसते. आठवणींना खुंटीच नाही. म्हणून आम्ही एक ऋतू उसना घेतला होता. आयर्लंडचा उन्हाळा. तो मे ते सप्टेंबर असायचा, दर रविवारी जेवणं आटोपल्यावर लागायचा आणि पडद्यावर लागायचा. आमच्या खिडकीबाहेर काळोख असायचा, समुद्रात नांगरून पडलेल्या जहाजांचे दिवे असायचे, आणि आमच्या तोंडांवर मात्र दुसऱ्या देशाच्या दुपारचं ऊन पडलेलं असायचं.

हा ऋतू भिंतीतून आला. ईस्ट कोस्टला आमच्या कॉन्डोत शेजारच्या फ्लॅटमध्ये नोरा नावाची एक आयरिश शिक्षिका एकटी राहायची. लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. एका रविवारी भिंतीपलीकडून ती जिवाच्या आकांताने ओरडताना ऐकू आली.

"मारतंय कोणीतरी तिला," विवेक म्हणाला.

"ती एकटी राहते."

"म्हणूनच म्हणतोय. हातात काय घेऊ?"

"आधी पायात चप्पल घाल."

तो गेला तो परत येईना. मग मी गेले. दार उघडंच होतं. दोघं जमिनीवर लॅपटॉपसमोर बसली होती आणि आता माझा नवराही ओरडत होता. पडद्यावर पंधरा विरुद्ध पंधरा माणसं हातात वाकड्या पसरट काठ्या घेऊन एका चामड्याच्या चेंडूमागे धावत होती. चेंडू हवेत असतानाच ती त्याला टोलवत. आडव्या दांड्यावरून गेला की एक गुण, खालून जाळ्यात गेला की तीन.

"हर्लिंग म्हणतात," विवेक मला म्हणाला, जणू त्यानेच शोध लावला होता. "अगं, ही आपल्या विटीदांडूची थोरली बहीण आहे. घर सोडून लांब दिलेली."

विवेक मिरजेचा. जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनियर. पहाटे कंपनीच्या बसने जायचा, पास दाखवून आत शिरायचा आणि दिवसभर पाइपांच्या जंगलात दाब आणि तापमान बघायचा. घरी तो वाचत नसे. वाचायचं काम माझं. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि घरीही माझं नाक पुस्तकातच. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती तेव्हा. दोघांना मिळून एखादी गोष्ट आवडावी असं बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं. ते त्या खेळाने घडवलं.

पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं की खोलीत चौथं माणूस आहे. पाण्याच्या पेल्याला टेकवून नोराने फोन उभा ठेवला होता आणि त्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. नोरा तिला 'मॅम' म्हणत होती.

"आईला मॅडम म्हणते," घरी आल्यावर विवेक म्हणाला. "केवढी शिस्त असेल त्या घरात."

पुढच्या रविवारी त्याने कचेरीत साहेबाला करतात तसा त्या फोनला नमस्कार केला. "गुड आफ्टरनून, मॅम." पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "नोरा, तुला भाऊ आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं." त्यांच्याकडे आईलाच मॅम म्हणतात, हे तेव्हा कळलं. पण विवेकने ते बदललं नाही आणि मीही मग तेच म्हणू लागले. मॅम त्याला कधी नावाने हाक मारत नसे. "हिमसेल्फ आहे का तिथे?" असं विचारायची. घरच्या पुरुषाला त्यांच्याकडे असं म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या बायका 'स्वारी आहे का घरात' म्हणायच्या, अगदी तसं. विवेक त्यावर फार खूश होता.

तो दोन हजार चौदाचा उन्हाळा. त्या वर्षी या खेळांच्या प्रक्षेपणाचे हक्क नव्याने विकले गेले होते. काही सामने आता आयर्लंडमध्ये पैसे भरणाऱ्यांनाच दिसणार होते, आणि त्याच वेळी बाहेरच्या देशांत राहणाऱ्यांसाठी इंटरनेटवरचा पास निघाला होता. पहिल्या रविवारचा सामना नोराने फुकटच्या चाचणीवर पाहिला होता, पण पुढे पास तिला घेता येईना. तिचं कार्ड आयर्लंडच्या घरच्या पत्त्याचं, आणि त्या पत्त्यावरच्या कोणालाही हा पास विकायचाच नाही असा नियम. आयर्लंडची मुलगी तिच्याच गावचा खेळ विकत घेऊ शकत नव्हती आणि मिरजेचा माणूस घेऊ शकत होता. विवेकने तो स्वतःच्या नावाने घेतला.

मॅमचं म्हणणं वेगळं होतं. या खेळाडूंना खेळायचे पैसे मिळत नाहीत. रविवारी ऐंशी हजार लोकांपुढे खेळलेला मुलगा सोमवारी शाळेत गणित शिकवतो किंवा गायींचं दूध काढतो. मॅमने वीस-बावीस वर्षं गावच्या संघाचे शर्ट धुतले होते. "ज्यांचा चिखल मी माझ्या हातांनी काढला, त्यांना बघायला आता मी पैसे भरू?" बरेचसे सामने अजून फुकट दिसत होते, शेवटचा तर दिसतच होता, पण तिने ठरवलं की दिसले तर सगळे, नाहीतर एकही नाही. तिने टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला. "आमच्याकडे घरात कोणी गेलं की आरसे असे फिरवतात," नोरा म्हणाली. विवेकने मॅमशी वाद घातला. हक्क विकले म्हणून तर आम्हाला इथे दिसतंय, मॅम, तुमच्या दारात भिंत बांधली तेव्हा आमच्याकडे खिडकी पडली. मॅम म्हणाली, "मग तू बघ आणि मला सांग." ती स्वयंपाकघरात रेडिओ ऐकायची. रेडिओला अजून कोणी भिंत घातली नव्हती.

आता यातली गंमत अशी की रेडिओ पुढे असायचा. मैदानातला आवाज मॅमच्या स्वयंपाकघरात लगेच पोचायचा. चित्र मात्र कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरत आमच्यापर्यंत यायला पाऊणएक मिनिट लागायचं. आमच्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यात असायचा आणि फोनमधून मॅम किंचाळायची, "आत गेला!" आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. मग पडद्यावरची ती मुलं, काहीच ठाऊक नसल्यासारखी, जे होऊन गेलं होतं तिकडे धावत जायची.

मला त्याची भीती वाटायची. विवेकला मजा वाटायची, पण दोन-तीन रविवारनंतर तोच म्हणाला, "मॅम, एक नियम करू. आमच्याकडे चित्र पोचेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही." मॅमने कबूल केलं आणि शब्द पाळला. पण तिने बोलणं थांबवलं तसं आम्हाला तिचं न बोलणं ऐकू येऊ लागलं. एरवी फोनमधून तिचा श्वास एका लयीत येत असायचा. तो मध्येच थांबायचा. खुर्चीत बसलेला विवेक पुढे झुकायचा. वेताची खुर्ची होती ती, आमच्या घरून त्याच्यासाठी नेलेली, कारण त्याला जमिनीवर फार वेळ बसवत नसे. तो झुकला की ती करकरायची. "झालं काहीतरी," तो पुटपुटायचा. आपल्यालाच माहीत नसलेली आपली बातमी कोणीतरी छातीत धरून बसलंय आणि आपण तिच्याकडे बघत बसलोय, असं ते मिनिट असायचं.

ऑगस्टमध्ये इथे चिनी लोकांचा भुतांचा महिना असतो. फुटपाथच्या कडेला पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जळत असतात, आणि मोकळ्या जागांवर मांडव घालून गाण्याचे कार्यक्रम होतात. त्या वर्षी हॉकर सेंटरमधून जेवून येताना असाच एक कार्यक्रम लागला. मागे माणसं उभी आणि पहिल्या रांगेतल्या लाल खुर्च्या सगळ्या मोकळ्या. विवेक जाऊन मधोमध बसला आणि मलाही हात केला. मी जवळ पोचेपर्यंत एक म्हातारा अंकल घाईघाईने आला होता.

"कॅनॉट सिट, लाह. नॉट फॉर यू."

"रिझर्व्ह्ड?"

"फॉर देम," अंकल म्हणाला आणि वर कुठेतरी बघितलं.

विवेक ताडकन उठला. बसलेली जागा हाताने झटकली. घरी येताना म्हणाला, "बघ, गेलेल्यांना इथे पहिली रांग, तीही फुकट. मॅमला सांगायला हवं." आणि मग थोडं चालल्यावर म्हणाला, "पण गरम होती गं ती खुर्ची. कोणीतरी आत्ताच उठल्यासारखी."

त्याच सुमाराला मिरजेहून सासूबाईंचा फोन आला. विवेकचे एक चुलत काका बिलासपूरला वारले होते आणि बातमी आठवड्याने पोचली होती. विवेक म्हणाला, "आई, म्हणजे आठवडाभर आपण सगळे सुतकात होतो आणि तू परवा श्रीखंड केलंस?"

"सुतक कळल्यापासून लागतं रे," सासूबाई म्हणाल्या. "कळलंच नाही तर लागेल कसं? उशिरा कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. फारच उशिरा कळलं तर नुसती डोक्यावरून आंघोळ."

"आणि कळेपर्यंत?"

"कळेपर्यंत ते माणूस आपल्यापुरतं असतं."

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आपल्या मॅचसारखंच आहे की हे."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी तो ईस्ट कोस्टच्या बागेत सायकल चालवायला गेला. मी पोहे केले. तो येईना म्हणून ताट झाकून ठेवलं. चिडले. येताना दूध आणायला सांगितलं होतं, ते विसरणार याची खात्री होती. त्याबद्दल काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं. त्याच्या कपात साखर घालून ठेवली. मग फोन आला. नंतर डॉक्टरांनी अंदाजे वेळ सांगितली, आणि ती ऐकताना माझ्या मनात एवढंच आलं की मी कपात साखर घातली तेव्हा तो नव्हता. किनाऱ्यावर गोष्ट होऊन गेली होती आणि माझ्या स्वयंपाकघरात चित्र पोचायचं होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. सासूबाई आल्या, दिवस झाले, सुतक फिटलं. माणसं मला म्हणायची, किती धीराची आहे. धीर नव्हता तो. मला कळलं होतं, पोचलं नव्हतं. संध्याकाळी कंपनीच्या बसची वेळ झाली की मी दाराची आतली कडी काढून ठेवायची.

मे महिन्यात तो मेल आला. रविवारी नोराने दार वाजवलं. "तू आली नाहीस तरी चालेल," ती म्हणाली. मी गेले. वेताची खुर्ची तिच्याकडेच होती, तिच्या जागेवर. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. पडद्याने विवेकचं स्वागत केलं. फोन पेल्याला टेकलेला होता, आणि सामना सुरू होण्याआधी मॅमचा आवाज आला, "हिमसेल्फ आहे का?"

नोराने माझ्याकडे पाहिलं. मॅमचं कंबरेचं हाड मोडून ती हिवाळाभर इस्पितळात होती. नोराने तिला काही सांगितलंच नव्हतं. म्हणजे दूर आयर्लंडमधल्या एका स्वयंपाकघरात विवेक अजून होता. खुर्चीत बसलेला होता. मी म्हटलं, "आहे, मॅम. जरा आत गेलाय."

पलीकडे श्वास थांबला. मला वाटलं लाइन तुटली. मग मॅम म्हणाली, "बरं तर," आणि रेडिओ मोठा केला.

त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. गोल झाला की नेमकी चित्र पोचल्यावर म्हणायची, "त्याला सांगा, मुलगा लंगडत होता तरी पळाला." मी "सांगते" म्हणायची. रविवारची वाट बघू लागले मी. सगळ्या जगात तेवढी एकच जागा राहिली होती जिथे तो गेला नव्हता, आणि तिथे मला फोनवरून जाता येत होतं. वेताची खुर्ची अधूनमधून करकरायची. एसीच्या गारव्याने वेत आखडतो, हे मला माहीत होतं आणि नोरालाही. तरी आम्ही दोघी मागे वळून बघत नसू.

त्या वर्षी नोराची काउंटी, म्हणजे तिच्या जिल्ह्याचा संघ, शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. आठवडाभर आधी नोरा मला म्हणाली, "सामना झाला की दुसऱ्या दिवशी मी घरी जाणार आहे. ती मला समोरासमोर विचारेल. फोनवर गप्प बसले, पण तिच्या टेबलाशी बसून मला खोटं बोलता येणार नाही." मग म्हणाली, "तू सांगितलंस तर बरं. नाहीतर मी सांगेन."

म्हणजे एका रविवारपुरताच तो उरला होता.

त्या दिवसांत धूर आला होता. समुद्रापलीकडे सुमात्रात जंगलं जळत होती. आग आम्हाला दिसत नव्हती, वासच येत होता. समुद्रातली जहाजं नाहीशी झाली, सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा, रस्त्यावरून तोंडं झाकलेली माणसं न बोलता जायची. भुतांचा महिनाही संपत आला होता, त्यामुळे कुठला धूर कुठला हेही कळत नव्हतं. नोराने खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावले होते. बंद खोलीत परक्या देशाचं ऊन पडलं आणि सामना सुरू झाला.

नोराची काउंटी एका गुणाने मागे होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना मॅमचा श्वास थांबला. आमच्या पडद्यावर त्यांच्या संघातला एक मुलगा चेंडू काठीवर तोलत अजून लांबवर धावत होता. नोराने दोन्ही हातांनी तोंड धरलं. मग फोनमधून एक लांब श्वास बाहेर पडला, हळूहळू. त्यावरून जिंकलो की हरलो काही समजेना.

"मॅम, अजून पोचलं नाही आमच्याकडे," मी म्हटलं.

"घाई नाही, पोरी. मी थांबलेय."

त्या मिनिटात सगळं जिथल्या तिथे होतं. मुलगा धावत होता. खुर्ची मागे होती. मी वळले असते तर काय दिसलं असतं मला माहीत नाही, आणि मी वळले नाही. मग चेंडू उडाला, आडव्या दांड्याला लागला आणि बाहेरच्या बाजूला पडला. शिटी वाजली. नोरा हुंदके देत रडू लागली. मी म्हटलं, "मॅम, विवेक गेला. फेब्रुवारीत."

"हो गं," मॅम म्हणाली. "मला पहिल्याच रविवारी कळलं. खुर्ची वाजत होती, पण श्वास दोनच होते."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यानेच सांगितलं होतं ना. तुमच्याकडे चित्र पोचेपर्यंत बोलायचं नाही."

मी घरी आले आणि डोक्यावरून आंघोळ केली. पाण्यालाही धुराचा वास येत होता. मग दाराला आतून कडी घातली.

नोरा दोन वर्षांनी कायमची परत गेली. आता ती मॅमबरोबर राहते. टीव्ही अजून भिंतीकडे तोंड करून आहे. त्या बाबतीत नोरा आईवरच गेली आहे. रेडिओ त्यांच्याकडे आणि चित्र माझ्याकडे. रविवारी फोन येतो, मी तो पेल्याला टेकवते आणि खुर्चीत बसते. ती माझ्याखालीही करकरते. मॅमला आता फारसं बोलवत नाही, नोराच बोलते. पण रेडिओच्या मागे म्हातारीचा श्वास असतो, थोडा घरघरणारा, तिच्या लयीत.

नोराचं बऱ्याच दिवसांत पत्र नाही की फोन नाही. परवा रविवारी पहिला सामना आहे. नियम तोच आहे, आणि त्या घरात तो मोडत नाहीत. तेव्हा पडद्यावर काय दिसतंय ते मी नंतर बघेन. आधी पलीकडे श्वास किती आहेत ते ऐकणार आहे.